वरचा किती, खालचा किती?

नगर जिल्ह्यात पाहुणा घरी आला की आधी पाण्याचा तांब्या येतो, मग चहा. हल्ली या दोन्हींच्या मधे एक प्रश्न येतो, "बीपी बघायचा का? मशीन आहे घरात." पाहुणा नाही म्हणत नाही. फुकट मिळणाऱ्या गोष्टीला नाही म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही, आणि बीपी तर त्याचाच असतो. तो बाही वर सरकवतो, पट्टा बांधून घेतो, मशीन घुंईऽ करत हवा भरायला लागतं, आणि नेमकं तेव्हाच घरधनी विचारतो, "मग त्या बांधाच्या केसचं काय झालं?" आकडा येतो १६८. सगळे हळहळतात आणि पाहुण्याला चहा बिनसाखरेचा मिळतो. बीपी वाढला तर आधी मीठ कमी करायचं असतं. पण दुखणं कुठलंही निघो, आपली पहिली कुऱ्हाड साखरेवर. सहकारी साखर कारखानदारी जिथं प्रवरानगरला उभी राहिली, त्या जिल्ह्यात हा कृतघ्नपणाच म्हणायचा.

पूर्वी बीपी हा डॉक्टरांच्या मालकीचा विषय होता. तालुक्याच्या दवाखान्यात ती पाऱ्याची उभी पेटी उघडायची, डॉक्टर रबरी फुगा दाबायचे, पारा वर चढायचा, डॉक्टर डोळे बारीक करून बघायचे आणि म्हणायचे, "थोडा आहे." किती थोडा, हे विचारायची पेशंटची छाती नसायची. आता पारा विषारी म्हणून जगभरातून हद्दपार होतोय, ती पेटी अडगळीत गेली आणि बीपी थेट आमच्या शोकेसमध्ये येऊन बसला. शिर्डीहून आणलेली साईबाबांची मूर्ती, नातवाला वक्तृत्वात मिळालेली ढाल आणि दोघांच्या मधे बीपीचं मशीन, ही मांडणी अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत सारखी. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, लोक सवयीनं अजून नगर म्हणतात. बीपी दोन्ही नावांना ओ देतो.

आमचं गाव राहुरी तालुक्यात. नाना, म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि पूर्णवेळ कांद्याच्या मागं लागले. पोरांनी उभ्या मास्तरकीत जो बीपी वाढवला नाही तो कांद्यानं दोन हंगामांत वाढवला, असं त्यांचं म्हणणं. नगरला डॉक्टरांकडं दाखवलं तर वरचा १७२. आता आमच्या गावाहून नगरला जायचं म्हणजे नगर-मनमाड रस्ता. त्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून आलेल्या, गाडी लावण्यावरून दोघांशी वाजवलेल्या आणि वर बत्तिसावा नंबर मिळालेल्या माणसाचा बीपी १७२ भरला नसता, तर मशीन दुरुस्तीला टाकायला हवं होतं. डॉक्टर शहाणे होते. म्हणाले, "काहींचा दवाखान्यात आल्यावरच वाढतो. पांढरा कोट दिसला की चढतो. तुम्ही आठवडाभर घरी मोजा, मग बघू." याच्या उलटही प्रकार असतो म्हणे. दवाखान्यात अगदी सोज्वळ आणि घरी गेल्यावर उसळणारा. हा जास्त वाईट, कारण तो डॉक्टरांच्या हाती लागतच नाही. हे ऐकून आईनं नानांकडं नुसतं बघितलं.

धाकट्या भावानं पुण्याहून मशीन पाठवलं. दंडाला पट्टा बांधायचं, पुस्तकाएवढं, चार पेन्सिल सेलवर चालणारं. हे चार सेल त्या मशीनमध्ये सलग कधीच राहिले नाहीत. टीव्हीच्या रिमोटचे संपले की आधी इकडं हात जातो, आणि क्रिकेटचा सामना असला तर नानांचा बीपी दुसऱ्या दिवसावर ढकलला जातो. पण हे पुढचं. आधी एका कागदाचं सांगतो.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, कष्टाचं काम नको. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून बसा. दोन्ही पाय जमिनीला टेकवा, पायावर पाय नको. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या थोडा वर. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. पाच मिनिटं शांत बसा. मोजताना बोलू नका. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री, असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, बाकीच्यांची सरासरी काढा.

वाचायला सोपं आहे. यातल्या बहुतेक गोष्टींची सोय आम्ही लावली. नाना जन्मभर मांडी घालून बसलेले, खुर्चीतसुद्धा मांडीच घालतात, त्यांना पाय खाली सोडायला शिकवलं. जेवणाचं टेबल आमच्याकडं नाही. टीपॉय बसका, त्यावर हात ठेवला तर पोटाच्या खाली जातो. शेवटी आईच्या शिलाई मशीनचा पाट बरोबर छातीला आला. नानांच्या हाताखाली ब्लाऊजचं कापड, पलीकडं बॉबिन, आणि मधे बीपी. एवढं सगळं जमलं. अडलं ते "पाच मिनिटं शांत बसा" इथं.

सकाळी साडेसहा. नाना खुर्चीत, पाठ टेकलेली, पट्टा बांधलेला, नजर घड्याळावर. एक मिनिट झालं. बाहेरून डेअरीवाल्या पोराची आरोळी, "नाना, फॅट साडेतीन लागली आज!" नानांच्या तोंडून निघून गेलं, "साडेतीन? म्हशीची?" झालं, पहिल्यापासून. दुसऱ्यांदा दोन मिनिटं झाली आणि स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अहो, गॅस संपला बरं का." तिला उत्तर नको होतं, ती फक्त माहिती देत होती. नाना बोलले नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलला. तिसऱ्यांदा शेजारचे बापू आत आले. शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात म्हणून लोक लांबून बघायला येतात. आमच्याकडं दारं आहेत, लावत कुणी नाही. बापू समोर बसले आणि निरखून म्हणाले, "बीपी मोजताय जणू." नानांनी मान हलवली.

"किती आला?"

मान नाही म्हणून हलली.

"नाही कसा, काहीतरी आला असंल की!"

"अहो बापू, अजून यायचाय!" नाना ओरडले आणि नेमकं त्याच वेळी बोट बटणावर पडलं. १५८, खाली ९४. बापूंनी समाधानानं मान डोलावली. "माझ्यापेक्षा कमी आहे," म्हणाले आणि चहाची वाट बघत बसले.

नुसतं बोलल्यानं वरचा आकडा दहाएकानं सहज चढतो. लघवी तुंबलेली असली, हात लोंबकळत असला, तरी साधारण तेवढाच. सदऱ्यावरूनच पट्टा बांधला तर मग आकड्याला काही धरबंधच राहत नाही. पुण्याच्या नाना पेठेतले पैलवान असोत की नगरचे, दंड मोठा आणि पट्टा आखूड असला तरी बीपी फुगून दिसतो. आमचे चुलते जुने मल्ल. त्यांच्या दंडाला पट्टा कसाबसा पुरला, आकडा १७० च्या वर गेला, आणि त्यांनी तो गावभर तालमीची कमाई म्हणून सांगितला. पुढं मोठा पट्टा मिळाल्यावर तो उतरला, तर ते आठ दिवस नाराज होते.

रक्ताला दाब असतो हे माणसानं मोजायला घेतलं तेव्हा त्याची किंमत एका घोडीनं मोजली. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज पाद्र्यानं तिला आडवी बांधून मांडीच्या धमनीत पितळी नळी घातली आणि तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त आठ फुटांच्या वर चढलं. १७३३ मध्ये त्यानं हे छापलं. माणसांवर हा प्रयोग करायला साहजिकच कुणी पुढं येईना. १८९६ मध्ये इटलीत रिव्हा-रोची यांनी दंडाला हवेचा पट्टा आवळून पारा चढवायची युक्ती काढली, आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह या डॉक्टरांनी पट्ट्याच्या खाली कान लावला. पट्टा सैल करत गेलं की एका क्षणी ठोके ऐकू यायला लागतात, तो वरचा आकडा. ते ऐकू यायचे थांबतात, तो खालचा. आमच्या मशीनला कान नाहीत. पट्ट्यातल्या हवेला नाडीमुळं जी बारीक थरथर सुटते, तिच्यावरून ते हिशेब करतं. म्हणून माणूस हलला, हसला, हात झटकून "जा रे" म्हणाला की ते गोंधळतं. कधी रुसून पडद्यावर नुसतं "ई" दाखवतं. त्या घोडीचं एक बरं होतं. नळी चढत असताना ती बांधाच्या केसबद्दल बोलली नाही.

नानांना सगळ्यात जड गेली ती सरासरी. हा जिल्हा निकालावर जगणारा. कारखान्याची निवडणूक, बाजार समितीची, सोसायटीची, पतसंस्थेची, वर्षाचे बारा महिने कुठं ना कुठं मतमोजणी चालू. आणि आपल्याकडं पहिल्या फेरीचा आकडा बाहेर आला की लगेच गुलाल उधळायचा, फटाके लावायचे. शेवटच्या फेरीत मागचा पुढं आला तर मग तोंड लपवायचं. बीपीतही नानांचं तेच चाललं. सकाळी १३० आला की "आपला नॉर्मल" म्हणून दोन घरं सांगून यायचे. रात्री १५० आला की अंथरुणाला टेकून "आता काही खरं नाही." दोन्ही वेळा घाई. बीपी दिवसभर वर-खाली होतच असतो. झोपेत उतरतो, जिना चढलं की चढतो. सगळ्या फेऱ्या मोजून झाल्याशिवाय निकाल लागत नाही, आणि पहिल्या दिवसाची पेटी तर डॉक्टरांनीच बाद ठरवलेली. हे सांगितल्यावर नाना म्हणाले, "मग उमेदवारानं सात दिवस करायचं काय?" म्हटलं, गप्प बसायचं. ते म्हणाले, "तेच तर अवघड आहे."

शिवाय घरी रेघही कडक. दवाखान्यात वरचा १४० आणि खालचा ९० ही हद्द धरतात, घरी मोजलं तर १३५ आणि ८५. नानांना हा अन्याय वाटला. घरच्याला थोडी सूट मिळावी की उलट पाच कमी? पण घरी माणूस निवांत असतो असं त्यात गृहीत धरलेलं आहे. हे गृहीत धरणाऱ्यांनी आमच्या घरी एक सकाळ काढलेली नाही.

निवांतपणाचं उरलंसुरलं काम भावाच्या ग्रुपनं केलं. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर "नानांचा बीपी" असा ग्रुप काढला. त्यात आम्ही भावंडं, दोन्ही सुना, जावई, चुलतभाऊ, आणि अमेरिकेतला एक आतेभाऊ, जो आपल्याकडच्या दुपारी झोपलेला असतो आणि आपल्या रात्री सल्ले देतो. पहिल्या रात्री नानांनी फोटो टाकला, १४८. लगेच संगमनेरहून ताईचा फोन. "नाना, काय झालं? काही खाल्लं का? जागरण झालं का?" नाना म्हणाले, काही नाही गं. मग कागदाप्रमाणं एक मिनिटानं दुसऱ्यांदा मोजायला घेतलं, तर तेवढ्यात भावाचा फोन. फोन एका हातात, पट्टा दुसऱ्या हाताला. १५६. तोही फोटो गेला. ताईनं रडका चेहरा टाकला. जावयांनी हात जोडले. अमेरिकेनं इंग्रजीत लिहिलं, घाबरू नका. हे वाचून घरात पहिल्यांदा सगळे घाबरले. तिसऱ्यांदा १६४. रात्रीचे अकरा वाजले होते, आणि ज्या माणसाला काही होत नव्हतं तो पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन सगळ्यांना धीर देत बसला होता.

घाबरायचं कधी, तेही त्या कागदावर तांबड्या शाईत होतं. आकडा १८० आणि १२० च्या वर गेला आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, हातपाय लुळा पडलाय, जीभ जड झालीय असं काही असलं, तर ग्रुपवर फोटो टाकत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा. एवढी ओळ मी मोठ्या अक्षरात लिहून शोकेसवर चिकटवली आणि ग्रुपला सांगितलं की आठवड्याचे आकडे आता रविवारी एकदम मिळतील. ग्रुपवर तेव्हापासून सुप्रभात येतं.

गोळीचा प्रश्न वेगळाच. बापूंचा गोळीला विरोध आहे. "एकदा लागली की जन्माची बांधली," म्हणतात. स्वतः चाळीस वर्षं तंबाखू मळतायत, तिच्याबद्दल ही तक्रार नाही. त्यांचे उपाय तयार. सकाळी दुधीचा रस, अनशापोटी लसणाच्या पाकळ्या, शेवग्याचा पाला. झाडपाल्यात काही नसतं असं म्हणायची सोय नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्याकडची सर्पगंधा रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये निबंध लिहिला. सर्पगंधा जगभर पोचली, १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. पण वकिलांनी पन्नास रुग्णांचे आकडे मोजून लिहून ठेवले होते. बापूंचा अभ्यास एका मेव्हण्यावर झालाय, आणि तो मेव्हणा हल्ली फोन उचलत नाही.

डॉक्टरांनी अ‍ॅम्लोडिपिनची साधी, स्वस्त गोळी दिली. ती सरकारी दवाखान्यातही मिळते. पंधरा दिवसांत आकडा १२८ वर आला, तशी नानांनी गोळी बंद केली. "आता कशाला? नॉर्मल आलाय की." तो गोळीमुळं आलाय, हे त्यांना कुणीच पटवू शकलं नाही. गणिताचे मास्तर असूनही. शेवटी मशीननंच पटवलं. आठ दिवसांत पुन्हा १५० च्या घरात. तेव्हापासून गोळी देवापुढं, हळदकुंकवाच्या करंड्याशेजारी असते. पूजा चुकत नाही म्हणून गोळीही चुकत नाही. या कामी मशीनचा खरा उपयोग झाला, हे कबूल करायला पाहिजे.

मिठाचं मात्र काही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, त्यात सगळं आलं. आमच्याकडं बाजरीच्या भाकरीत मीठ, ठेच्यात मीठ, शेंगदाण्याच्या चटणीत मीठ, पापड-कुरडईत मीठ, आणि लोणचं तर मिठातच नांदतं. आईनं भाजीतलं मीठ अर्धं केलं. नानांनी तक्रार केली नाही, नुसता एक पापड जास्त मागितला. मग आणखी एक. भाजीत वाचलेलं मीठ पापडावाटे व्याजासकट परत आलं. जत्रेत शिपी आमटी असली की संपलंच. ती वाटीनं नाही, परातीत भाकरी कुस्करून खायची असते. हरभऱ्याच्या डाळीचा तो काळा, झणझणीत रस्सा भुरकताना कोणी चमचे मोजलेले मी पाहिले नाहीत, डॉक्टरांनीसुद्धा.

मग दिवाळीत जामखेडहून मावशी आली.

जामखेड हा आमच्या जिल्ह्याचा दक्षिणेकडचा दुष्काळी कोपरा. तिथं १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्यानं ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. खेड्यात राहायला डॉक्टर मिळेनात, तेव्हा त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या. कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, काही तर ज्यांना गावानं कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं अशा. त्यांना बाळंतपण शिकवलं, जुलाबानं सुकलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला शिकवलं, आणि दंडाला पट्टा बांधून रक्तदाब बघायलाही शिकवलं. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परदेशातले डॉक्टर या बायकांकडं शिकायला जामखेडला येत राहिले. आम्ही शंभर किलोमीटरवर राहून कधी गेलो नाही. मावशीच्या गावात अशीच एक आरोग्यवाली बाई होती, आणि मावशी तरुणपणी तिच्या मागं मागं हिंडलेली. तिनं आमच्या घरातला सकाळचा सोहळा एकदा बघितला आणि उठली.

"आधी तो टीव्ही बंद करा. पोरं बाहेर. बापू, तुम्ही बी बाहेर. दाजी, पाय खाली सोडा, मूठ ढिली करा. आता कुनी बोलायचं न्हाई."

बापू खरंच बाहेर गेले. आमच्या घरात पाच मिनिटं आवाज झाला नाही. पंख्याचा एक बोल्ट सैल आहे हे मला त्या दिवशी कळलं. १३२, खाली ८२. मग पुन्हा, १३०. नाना मावशीकडं आदरानं बघायला लागले, जे त्यांनी तीस वर्षांत केलं नव्हतं.

मावशीनं पट्टा सोडला आणि स्वयंपाकघराकडं बघून म्हणाली, "आक्का, ये. बस हितं."

"मला काय झालंय?" आई म्हणाली. तिच्या हाताला अनारशाचं पीठ होतं.

"बस म्हनते ना."

हे मशीन घरात आल्यापासून नानांचा, बापूंचा, पाहुण्यांचा, डेअरीवाल्या पोराचा, गॅसचं सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाचाही बीपी बघून झाला होता. नातवंडांनी एकदा कुत्र्यालाही पट्टा बांधला होता, ते पळालं. आईचा कुणी बघितला नव्हता. शिलाई मशीन तिचं, त्यावर हात मात्र सगळ्या गावाचा. ती बसली. १६४, खाली ९८. एक मिनिटानं १६२. दुसऱ्या हाताला १६६.

"मशीन बिघडलंय," आई म्हणाली आणि उठायला लागली. मावशीनं तिला बसवलं. नाना मशीनकडं बघत म्हणाले, "तुला कसला आलाय गं ताण?" यावर मावशी, मी आणि दाराबाहेरून बापू, तिघांनीही त्यांच्याकडं बघितलं. आईचं वर्षभर डोकं दुखत होतं. ते उन्हानं, चष्म्यानं, उपवासानं दुखतं असं ठरलेलं होतं. पुढचे सात दिवस मावशी मुक्कामाला राहिली आणि सकाळ-संध्याकाळ आईला खुर्चीत बसवलं. नानांना गॅसपाशी उभं केलं. सरासरी काढली, ती १५८ भरली. डोकेदुखी त्यामुळंच होती असंही नाही, कारण वाढलेला बीपी बहुतेकदा काहीच कळू देत नाही. तो मोजल्यावरच सापडतो. आता देवापुढं गोळ्यांची दोन पाकिटं असतात, आणि नाना चहा करायला शिकलेत. साखर जास्त घालतात.

नानांची वही मात्र बघण्यासारखी आहे. पतसंस्थेनं दिलेली डायरी, तिच्यात स्केलनं आखलेले रकाने. तारीख, वेळ, वरचा, खालचा, नाडी आणि शेरा. शेरे मास्तरांच्याच अक्षरात. "लाइट नाही, मोटर बंद." "जावई आले." "गप्प बसलो." "गप्प बसू दिले नाही." आणि त्याच्या शेजारी त्यांनी मागाहून आणखी एक रकाना घुसवला, घोडेगावच्या बाजारातला कांद्याचा भाव. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली, त्या आठवड्याचं पान उघडलं तर भावाचा रकाना खाली घसरत जातो आणि त्याच ओळींतून वरचा आकडा वर. नानांनी तिथं तांबड्या पेनानं बाण काढलेत. मे २०२४ मध्ये बंदी उठली, तिथं बाण उलटे.

परवा दोघांना घेऊन नगरला गेलो. डॉक्टरांनी आधी आईची पानं बघितली, मान डोलावली. मग नानांची डायरी घेतली. ते एकेक पान उलटत होते, बोट रकान्यावरून खाली सरकत होतं. मधेच थांबले, चष्मा वर केला, मागचं पान पुन्हा काढलं. नाना खुर्चीच्या कडेला आले. बाहेर नंबर लावून बसलेले पेशंट खाकरायला लागले.

डॉक्टरांची वडिलोपार्जित जमीन पारनेरला आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी डायरी मिटली, नानांना परत दिली आणि म्हणाले, "नाना, गोळी तीच ठेवा. कांदा मात्र अजून आठ दिवस काढू नका."